आज्जीच्या वाट्याचे हसू

मराठीत आजीवर लिहिलेले लेख एकाच साच्यातून निघतात, अशी आमची जुनी तक्रार आहे. दिवाळी अंकांत, रविवारच्या पुरवण्यांत, शाळा-महाविद्यालयांच्या वार्षिकांत ही आजी आपल्याला वारंवार भेटते. तिच्या हातांना सुरकुत्या असतात व त्या सुरकुत्यांत माया असते. ती जुन्या लुगड्यांची गोधडी शिवते व त्या गोधडीला ऊब असते. पहाटे ती जात्यावर ओव्या म्हणते, दुपारी लाडू वळते, रात्री गोष्ट सांगते आणि शेवटच्या परिच्छेदात वारते. एक गोष्ट मात्र ती सहसा करीत नाही. ती बोलत नाही. बोललीच, तर 'बाळा, सुखी राहा' एवढेच, आणि तेही पाठ्यपुस्तकाच्या मराठीत.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला ही बाई ओळखीची वाटणे कठीण आहे. मुळात कोल्हापुरात आजी नसते, आज्जी असते. त्या जोडाक्षरात जो ठसका आहे, तोच तिच्या बोलण्यात असतो. ती लाड करते ते शिव्या देऊन. नातवाला ताप आला, तर 'मुडदा बशिवला तुजा, पावसात कशाला भिजलास?' असे म्हणत ती रात्रभर कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवते. या वाक्यातून शिवी काढून टाकली, तर रात्रभराचे जागरण उरते खरे, पण ते कोणाचे, हे कळेनासे होते. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, आजीविषयीच्या गंभीर आठवणींपेक्षा तिच्याविषयीच्या हसऱ्या आठवणी अधिक खऱ्या असतात. मात्र ते हसू कोणाचे आहे, हे नीट तपासून घेतले पाहिजे.

हसू दोन प्रकारचे असते. एक आजीवर हसण्याचे. ते आपल्याकडे भरपूर आहे. आजीने 'स्टेशन'ला 'ठेसन' म्हटले, फोनचा रिसीव्हर उलटा धरला, दूरदर्शनवरच्या रामाला हात जोडले. असे किस्से घरोघरी सांगितले जातात व लेखांतही उतरतात. त्यांत आजीचे अज्ञान हा विनोदाचा विषय असतो आणि सांगणारा नातू शिकलेला असतो. दुसरे हसू आजीने स्वतः निर्माण केलेले असते. त्यात तिचे निरीक्षण असते, निवाडा असतो, पुष्कळदा सूडही असतो. पहिले हसू टिपायला सोपे, म्हणून ते लिहिले जाते. दुसरे टिपायला कान लागतो.

रामायणाचेच उदाहरण घेऊ. रामानंद सागर यांची मालिका १९८७-८८ मध्ये दर रविवारी सकाळी लागत असे. आमच्या शुक्रवार पेठेतल्या वाड्यात दूरदर्शन संच एकाच घरी होता व तिथे सारी आळी जमे. आमची आज्जीही अंघोळ करून, पदर सावरून बसे आणि पडद्यावर राम आला की हात जोडी. हा किस्सा आमच्या घरात अजून सांगितला जातो व त्यावर अजून हशा होतो. त्याचा पुढचा भाग मात्र कमी वेळा सांगितला जातो. सीतेच्या अग्निपरीक्षेचा भाग लागला, तेव्हा आज्जी मध्येच उठली. शेजारच्या काकूंनी विचारले, 'का हो, उठला?' त्यावर ती म्हणाली, 'पुढचं मला म्हाईत हाय. तीच एकटी बाहेर हुती व्हय? त्योबी हुता की चौदा वर्सं घराबाहेर. त्येला कोण इचारत न्हाई.' आणि भाकरी टाकायला निघून गेली.

रामाला हात जोडणारी व रामाला प्रश्न विचारणारी बाई एकच आहे, आणि या दोन कृतींत तिला विसंगती वाटत नाही. जात्यावरच्या ओव्यांचा अभ्यास करणाऱ्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरातून जमवलेल्या ओव्यांत सीतेचा वनवास हा बायकांचा जिव्हाळ्याचा विषय आहे. तिथे सीता देवी असण्यापेक्षा आपल्यातलीच एक सासुरवाशीण असते. आज्जीचे वाक्य त्याच परंपरेतले. फक्त ते ओवीत नसून भाकरी टाकायला जाता जाता बोललेले होते, म्हणून कोणी लिहून घेतले नाही.

आता साहित्याच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असा एक दाखला. आमच्यापैकी एकाला बी.ए.ला मराठी होते आणि वि. स. खांडेकरांची 'ययाति' अभ्यासाला होती. परीक्षेच्या आधी तो कादंबरी मोठ्याने वाची. आज्जी चौथी शिकलेली, वर्तमानपत्र रोज वाचणारी. ती लसूण सोलत ऐके. ययाति पुरूचे तारुण्य घेतो तो भाग आला, तेव्हा तिने सोलणे थांबवले. 'आमच्यात पोरं बापाकडं जमीन मागत्यात. ह्यो बाप पोराकडं वय मागालाय!' मग थोड्या वेळाने: 'आणि लिवणाऱ्यानं राजाचं गाऱ्हाणं केवढं लिवलंय. त्या दोघींचंबी लिवलंय. खरं त्या पोराचं कोण लिवणार?'

'ययाति' १९५९ साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि १९७४ सालचे ज्ञानपीठ लाभलेल्या खांडेकरांचे नाव आज या कादंबरीशी सर्वाधिक जोडले जाते. ती तीन पात्रांच्या तोंडून सांगितलेली आहे: ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. ज्याने सर्वांत मोठी किंमत मोजली, त्या पुरूला निवेदन नाही. वर्गात निवेदनतंत्र शिकवताना यावर एक तास सहज जाईल. आज्जीने तो प्रश्न लसणाच्या पाकळीवर काढला. तिचे म्हणणे ऐकून आम्ही हसलो, कारण ते हसण्यासारखेच होते, आणि ते बरोबरही होते. हा दुसऱ्या प्रकारचा विनोद. यात आज्जीचे अज्ञान कुठे नाही, उलट तिचे वाचन आहे.

या वाक्यातील 'खरं' या शब्दाकडे परगावच्या वाचकांनी लक्ष द्यावे. कोल्हापूर-बेळगावकडे 'खरं' म्हणजे 'पण'. 'मी आलो असतो, खरं वेळ न्हवता.' प्रमाणभाषेत 'खरे' हे सत्याचे विशेषण आहे. आमच्याकडे ते वाक्याच्या मध्यभागी उभे राहून दिशा बदलते. कोल्हापूरच्या बोलीचे दुसरे वैशिष्ट्य याहून मोठे आहे. इकडच्या बायका स्वतःविषयी बोलताना 'मी येतो', 'मी करतो', 'मी गेलतो' असे पुल्लिंगी रूप सर्रास वापरतात. पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना याची मोठी गंमत वाटते. आमची धाकटी काकू पुण्याची. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती प्रेमाने म्हणाली, 'आई, तुम्ही येतो काय म्हणता? येते म्हणावं.' आज्जीने चप्पल घालता घालता उत्तर दिले, 'येते म्हटल्यावर रिक्षा लौकर मिळती काय? मिळत आसंल तर म्हणतो.'

पुढे काकूच 'येतो' म्हणू लागली, हे सांगायला नकोच. पण प्रसंगाची गंमत यापेक्षा खोल आहे. व्याकरण हा अधिकाराचा विषय आहे, हे आज्जीला कोणी शिकवले नव्हते. तरी तिने नेमका तोच प्रश्न विचारला. प्रमाणरूप वापरून मला काय मिळणार? या प्रश्नाचे उत्तर मराठीच्या अध्यापकांना अजून द्यायचे आहे.

इथे लेखनाचा प्रश्न उभा राहतो. कोल्हापूरच्या साहित्यात भाषेच्या दोन वाटा आहेत. एक खांडेकरांची. अलंकृत, सुभाषितांनी भरलेली, ध्येयवादाने उजळलेली. दुसरी या जिल्ह्याच्या मातीतून आलेल्या लेखकांची. पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांनी आपल्या कथांत इथल्या माणसांचे बोलणे, अडणे, आडवळणे जसेच्या तसे आणले. कागलच्या आनंद यादवांनी 'गोतावळा' मध्ये (१९७१) सबंध निवेदनच बोलीत केले आणि 'झोंबी' मध्ये (१९८७) आई-वडिलांचे बोलणे त्यांच्याच तोंडचे ठेवले. आज्जी राहत होती ती या दुसऱ्या भाषेत. तिच्यावर लेख लिहायला बसले की मात्र नातवंडांना पहिली भाषा आठवते. मायेचा सागर, वात्सल्याची मूर्ती, संस्कारांची शिदोरी. परिणामी स्मृतिलेखात आज्जीचा फोटो असतो, आवाज दुसऱ्याच कोणाचा असतो.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव व एक नातलग यांनी ऐकून उतरवून घेतली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई वारल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपाने आली. सोपानदेव स्वतः प्रतिष्ठित कवी होते. आईची भाषा 'सुधारून' छापण्याचे ज्ञान त्यांच्याकडे होते, आणि त्या काळच्या अभिरुचीने कदाचित त्यांची पाठही थोपटली असती. त्यांनी तसे केले नाही. खानदेशातली ती बोली तशीच राहू दिली. मराठी कवितेवर हा केवढा उपकार झाला! मुलाने आईच्या बाबतीत जे केले, ते नातवंडांनी आजीच्या गद्याच्या बाबतीत करायला काय हरकत आहे?

गद्य म्हणण्याचे कारण असे की, ओव्यांचे नशीब त्या मानाने बरे निघाले. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' मध्ये त्या गोळा केल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून खंडामागून खंड काढले. पॉइटविन-राईरकरांच्या संग्रहात लाखाच्या घरात ओव्या आहेत. पण बायका ओवी म्हणून थांबत नसत. दळण संपले की त्या बोलत. टोमणे, नकला, शेजारणीचे वर्णन, नवऱ्याच्या घोरण्यावरचे भाष्य, पुराणातल्या पात्रांचा समाचार हे सारे त्या बोलण्यात असे. छंद नसल्यामुळे ते पाठ झाले नाही, आणि पाठ न झाल्यामुळे बाईबरोबर गेले.

याला मराठीत एक भव्य अपवाद आहे, तो लक्ष्मीबाई टिळकांचा. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. १८९५ साली नवरा ख्रिस्ती झाला. समाजाने पाठ फिरवली, संसार विस्कटला, आणि पाच वर्षांनी त्यांनी स्वतः धर्मांतर केले. एवढ्या सामग्रीवर कोणीही सहाशे पानांचा विलाप लिहिला असता. लक्ष्मीबाईंनी हसत लिहिले. वडिलांचे सोवळ्याचे वेड, बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा हव्यास, हे सारे त्या असे सांगतात की वाचक आधी हसतो. त्या घरातल्या बायकांचे काय होत असेल, हे त्याच्या नंतर ध्यानात येते. विनोदाने इथे दुःख झाकलेले नाही. वाचक पळून जाऊ नये म्हणून त्याला धरून ठेवले आहे. पुढे त्यांच्या नातवानेच, अशोक देवदत्त टिळकांनी, या ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. आजीच्या बोलण्यावर नातवाने कसे काम करावे, याचा हा आमच्या दृष्टीने आदर्श आहे. तिच्या जागी आपण बोलायचे नाही. तिचे बोलणे पुढे न्यायचे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो बिनतोड वाटेल. बोलीत लिहिलेली आजी हे पुन्हा एक सोंगच नाही का? चित्रपटांनी व वगनाट्यांनी कोल्हापुरी बोलीला हशा पिकवण्याच्या कामाला जुंपले आहे. पात्राने तोंड उघडून 'काय लगा' म्हटले की प्रेक्षागृहात टाळ्या. अशा वातावरणात आज्जीला बोलीत उतरवणे म्हणजे तिला विदूषक करणे नव्हे काय?

आक्षेप गंभीर आहे. त्यासाठी आम्ही एक साधी कसोटी सुचवतो. आज्जीचे वाक्य प्रमाणभाषेत लिहून पाहावे. विनोद पूर्ण नाहीसा झाला, तर तो केवळ उच्चारावर उभा होता, म्हणजे आज्जीवर हसण्याचा होता. तो खुशाल गाळावा. विनोदाचा गाभा टिकला, पण धार गेली, तर ते वाक्य आज्जीचे आहे आणि ते बोलीतच लिहिले पाहिजे. 'ठेसन'चे 'स्थानक' केले की हाती काही उरत नाही. 'त्या मुलाचे कोण लिहिणार?' हा प्रश्न मात्र प्रमाणभाषेतही प्रश्नच राहतो.

आमच्या घरातली चटणी या कसोटीवर उतरते. (कोल्हापुरात चटणी म्हणजे वर्षाचे कांदा-लसणाचे तिखट, हे जाणकारांना ठाऊक आहेच.) उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, खोबरे-तीळ-धणे भाजून कांडपाला न्यायचे आणि कांडप होईपर्यंत आज्जीने तिथेच शिंकत बसायचे, असा नेम होता. आपल्या मिरच्या दुसऱ्याच्या डब्यात जातील, या संशयाने ती कोणालाही तिथे एकटे पाठवत नसे. नातू पुण्याला वसतिगृहात निघाला, तेव्हा तिने डबा बांधून दिला आणि सांगितले, 'खोलीतल्या पोरास्नी दे. खरं एकदाच दे. दुसऱ्यांदा मागाय आली, तर वळख, ती तुझ्याकडं न्हाई, चटणीकडं आल्यात.' २००५ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी पेठेत शिरले. होडी घेऊन आलेली पोरे 'आज्जी, आधी जीव वाचवा' म्हणून ओरडत होती. आज्जी चटणीची बरणी घेतल्याशिवाय उंबरा सोडीना. 'जीव वाचल्यावर त्यो काय कोरडी भाकरी खाणाराय?' असे तिने विचारले. पोरांनी आधी बरणी घेतली, मग आज्जीला. पुढचा आठवडा शाळेच्या वर्गात ज्यांनी ज्यांनी तिच्याबरोबर काढला, त्यांना मदतीच्या भाताबरोबर ती चटणी मिळाली. बरणी रिकामी झाली, तेव्हा ती कोणाची, हे विचारायला कोणी उरले नव्हते. 'एकदाच दे' हा नियम तिने स्वतःपुरता कधी लावला नाही.

आणि आता ते वाक्य, ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. घरात कोणाचेही लग्न असो, आज्जी आपल्या लग्नाची गोष्ट सांगे. थोरल्या बहिणीचे लग्न ठरले. मांडव पडला, भटजी आले, जेवणे ठरली. तेव्हा वडिलांच्या मनात आले की दोन मांडव घालण्यापेक्षा धाकटीचेही याच खर्चात करून टाकावे. स्थळ शोधायला चार दिवस लागले. आज्जी तेरा वर्षांची होती, चौथी पास झालेली, आणि बहिणीच्या लग्नात मिरवायचे म्हणून नवे परकर-पोलके शिवून बसलेली. 'थोरलीच्या मांडवात मी फुकटात उरकलो,' असे ती म्हणे आणि सगळ्यांच्या आधी स्वतः हसे.

हे वाक्य कसोटीवर लावून पाहावे. 'थोरल्या बहिणीच्या मंडपातच माझा विवाह विनाखर्च पार पडला.' माहिती सगळी आली. पण 'मी उरकलो' यात ती स्वतः उरकण्याचे एक काम होते, भांडी उरकावीत, धुणे उरकावे तसे. प्रमाणभाषेतल्या वाक्यात विवाह पार पडतो. आज्जीच्या वाक्यात मुलगी उरकते. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तिथल्या एका मुलीचे शिक्षण चौथीवर का थांबले, याचे उत्तर या पाच शब्दांत आहे, आणि त्यात तक्रारीचा एकही शब्द नाही. तिच्या पोटची व सुनांच्या पोटची कोणतीही मुलगी पदवीआधी बोहल्यावर चढली नाही. कोणी घाई केली की आज्जी ती गोष्ट सांगे. लोक हसत, आणि हसता हसता घाई करणारा गप्प होई. विनोद हे तिचे शस्त्र होते, आणि ते कुठे चालवायचे हे तिला नेमके माहीत होते. अशा बाईला 'वात्सल्यमूर्ती' म्हणून हार घालणे म्हणजे तिच्या हातातले शस्त्र काढून घेणे होय.

म्हणून मराठीच्या अध्यापकांना आमची एक सूचना आहे. 'माझी आजी' हा निबंध काही वर्षे बंद ठेवावा. त्याऐवजी विद्यार्थ्यांना सांगावे की, घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध बाईची वीस वाक्ये जशीच्या तशी लिहून आणा. वाक्य कधी बोलले गेले, समोर कोण होते, कोण हसले आणि कोण हसले नाही, एवढे शेजारी नोंदवा. शुद्धलेखन तपासले जाणार नाही. बाईने परवानगी दिली तर मोबाइलवर आवाजही टिपून ठेवा. एका महाविद्यालयातून एका वर्षात अशी हजारभर वाक्ये सहज जमतील. बोलींचा अभ्यास, कथनमीमांसा, स्त्रियांचा सामाजिक इतिहास या तिन्ही अंगांनी ती उपयोगी पडतील, आणि वर्गात मोठ्याने वाचली गेली तर तास रटाळ होणार नाही, हा लाभ वेगळाच.

काही आज्या शिव्या देतील, काही सुनांची उणीदुणी काढतील, काहींच्या बोलण्यात जातीचा ताठाही निघेल. तेही लिहून आणावे. गोड तेवढे निवडायला बसलो, तर आपण पुन्हा त्या गोधडीपाशी येऊन पोचू. आमच्या आज्जीलाही पुष्कळ गोष्टी कळत नव्हत्या आणि काही बाबतींत ती सरळ अन्यायी होती. धाकट्या काकूला याविषयी विचारले, तर तिच्याकडे वीसच काय, दोनशे वाक्ये निघतील. ती आता साठीच्या पुढे गेली आहे, नातवंडांना चटणी बांधून देते, आणि घरातून निघताना 'मी येतो' म्हणते. आमच्या वहीत पुढचे पान तिचे आहे.